आमच्या प्लांटची गोळी

बाबा शिंकले की मी आधी त्यांच्या शर्टाचा खिसा तपासते, तब्येत मागाहून विचारते. हे वाचून कुणाला मी कजाग वाटले तर वाटू दे. पालघरहून स्कूटरवर चिंचणीला यायचं, दारात चप्पल काढायची आणि पाणी पिण्याआधी खुंटीवरच्या शर्टाचा खिसा चाचपायचा, हा माझा दर रविवारचा कार्यक्रम झाला होता. खिशात तंबाखू सापडली असती तर एक वेळ मी गप्प बसले असते. सापडायची ती गोळ्यांची चपटी, चंदेरी पट्टी. तीन गोळ्यांची, आणि त्यातली एखादी हमखास फोडलेली.

"कंपनीच्या गेटावर पण असेच बघायचे आमाला," बाबा झोपाळ्यावरून म्हणायचे. "जलमभर खिसा उलटा करून दाखवला. आता घरात पण वॉचमन आला."

"वॉचमन नाही, तुझी मुलगी आहे मी. आणि ही काय आहे?"

"गोळी हाय. सर्दीची."

ती सर्दीची नव्हती. ती अँटिबायोटिक होती, आणि साध्या सर्दीवर तिचा काडीचा उपयोग नसतो. मी शाळेत विज्ञान शिकवते. सर्दी विषाणूंमुळे होते, ही औषधं जिवाणूंवर चालतात, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि पोरं ते परीक्षेत बरोबर उतरवतात. अख्ख्या तालुक्यातल्या पोरांना पटवून झालं, घरातल्या एका म्हाताऱ्याला पटवता येईना. वर बाबा मलाच विचारायचे, "तू किती अँटिबायोटिक बनवलीस आजवर?"

आणि बाबांनी ती खरोखरच बनवली होती.

आमच्याकडे बापाला अरे-तुरे करतात. लग्न झाल्यावर माझ्या सासूबाई फोनवरचं माझं बोलणं ऐकून दचकल्या होत्या, त्यांना वाटलं मी कुणा पोराला दटावते आहे. लिहिताना मात्र मी 'ते' म्हणते, कारण लिहिताना माझा राग थोडा कमी असतो.

बाबा मच्छीमाराच्या घरातले. आजोबांची होडी एकदा दर्यावरून परत आली, आजोबा परत आले नाहीत. बाबा तेव्हा मिसरूड फुटलेले, दुसऱ्या होडीवर कामाला. त्यानंतर त्यांनी दर्या सोडला तो सोडलाच. बोईसरला तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. बाबा औषधाच्या एका कारखान्यात लागले, सुकवणीच्या खात्यात. ओला माल मोठ्या कपाटासारख्या भट्टीत ताटांतून सुकवायचा, मग चाळायचा आणि पिंपांत भरायचा. या पांढऱ्या पावडरीपासून पुढे कुठेतरी गोळ्या बनायच्या. घरात ते गमतीने सांगायचे, माझी आई बोंबील सुकवते आणि मी औषध सुकवतो, वास तेवढा वेगळा.

वास नव्हता, चव होती. ती पावडर कडू जहर. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी ती बाबांच्या केसांत, भुवयांत, नखांत बसून घरी यायची. आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची, तरी त्या दिवशीच्या भाकरीला कडवट चव लागायची. मी लहानपणी त्यांचं बोट धरून समुद्रावर जायचे आणि नंतर तोच हात तोंडात घातला की थू-थू करायचे. बाबा हसायचे. म्हणायचे, ही चव लक्षात ठेव, हिच्यावर घर चाललंय. ते खोटं नव्हतं. पक्क्या भिंती, माझी बी.एड., भावाचं आयटीआय, सगळं त्या कडू पावडरीवर झालं.

त्यामुळे घरात कुणी नुसतं खाकरलं तरी बाबा ती गोळी आणायचे. आणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असायचा तो मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही, फक्त पहिल्या पापलेटाचा नैवेद्य दाखवताना आजीच्या चेहऱ्यावर पाहिला होता. "आमच्या प्लांटची हाय," ते म्हणायचे. ती खरंच त्यांच्या प्लांटची होती की नाही हे देवाला ठाऊक. बाजारात एकच औषध पन्नास कंपन्या विकतात. पण बाबांच्या लेखी त्या जातीची प्रत्येक गोळी त्यांनीच चाळलेली होती.

आणि हे एकट्या बाबांचं खूळ असतं तरी मी निभावून नेलं असतं. संध्याकाळी सुरूच्या बनाशेजारी, जिथे होड्या ओढून ठेवतात, तिथल्या चहाच्या टपरीवर कारखान्यांतून निवृत्त झालेली चार-पाच मंडळी बसतात. ज्याने जिथे नोकरी केली त्याचा त्याच औषधावर भरवसा. कंपनीने त्यांना निरोपाच्या वेळी घड्याळ आणि शाल दिली, पण निष्ठा मात्र परत मागून घेतली नाही. बाबांच्या खास मैत्रीतले एक गृहस्थ उत्तर प्रदेशातून आलेले. बोईसरला फिटर म्हणून राबले आणि इथेच राहिले. मी त्यांना फिटरकाका म्हणते. ते रस्त्यापलीकडच्या कंपनीत होते आणि तिथे वेगळ्या जातीची अँटिबायोटिक बनायची. या दोघांचा वाद ऐकावा! "बिटिया, तुम्हारे बाबूजी का पाउडर अपनी जगह ठीक है," फिटरकाका मला समजावायचे, "लेकिन हमारा माल एक्सपोर्ट का था." बाबा म्हणायचे, त्यांच्याकडे चाळणीच धड नव्हती. कुणाला ताप आला की दोघेही आपापली पट्टी काढून त्याच्यासमोर धरायचे. त्यांच्यात एक जण कापडाच्या रंगाच्या कारखान्यातला. त्या बिचाऱ्याजवळ भरवसा ठेवायला स्वतःचं औषधच नाही, म्हणून तो दोघांचंही मन राखायला दोन्ही गोळ्या घ्यायचा.

मी एकदा तिथे जाऊन सगळ्यांना खडसावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मला चहा पाजला, आणि मी स्कूटर चालू करते आहे तोवर रंगवाला खोकला आणि दोन हात खिशाकडे गेले.

मग बाबा पडले. सकाळी मासळीबाजारात, कोळंबी निवडता निवडता. डोळ्यांपुढे अंधार आला म्हणाले. बायकांनी धरून ओट्यावर बसवलं, तोंडावर पाणी मारलं, त्या पाण्याला मासळीचा वास म्हणून बाबा शुद्धीवर येताच त्यांच्याशी भांडले. पालघरला हृदयाच्या डॉक्टर आहेत, माझ्याहून वयाने लहान, शांत बाई. त्यांनी तपासण्या केल्या. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडली होती. ती ताळ्यावर ठेवणारी गोळी सुरू झाली. आई आणि मी शेजारीच बसलो होतो. डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "आणखी कुठली औषधं घेता?"

बाबा म्हणाले, "काय नाय."

मी जप्त केलेल्या पट्ट्या पर्समधून काढून टेबलावर ठेवल्या. एक, दुसरी, तिसरी. पर्स हलकी झाली.

डॉक्टरांनी पट्टी उलटी करून नाव वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्या म्हणाल्या, "बाबा, हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या लहरीवर पडतो. एक ठोका पडला की पुढच्यासाठी सज्ज व्हायला हृदयाला थोडा वेळ लागतो. मी दिलेली गोळी हा वेळ मुद्दाम थोडा वाढवते. तुमची ही अँटिबायोटिकसुद्धा तोच वेळ वाढवते. दोन्ही एकदम पोटात गेल्या, त्यात तुमचं वय, त्यात ताप-जुलाबाने अंगातले क्षार कमी झाले, तर एखादा ठोका भलत्या वेळी पडायचा आणि सगळा गोंधळ व्हायचा. माणूस उभ्या उभ्या कोसळतो. सगळ्यांना होत नाही. पण तुम्हाला होऊ शकतं."

मी विचारलं, "आणि आजवर वर्षानुवर्षं उगाच घेतल्या त्याचं काय?"

"उगाच घेणं कुणाच्याच भल्याचं नाही. पोटातले उपयोगी जंतूही त्याने मरतात. त्याचा म्हातारपणी हृदयाच्या रक्तवाहिन्यांशी किती संबंध आहे यावर अजून अभ्यास चाललाय, मी ठामपणे सांगणार नाही. पण हिचं मात्र ठामपणे सांगते. ही पुन्हा घ्यायची नाही. दुसरी कुठलीही मला विचारल्याशिवाय नाही."

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "मॅडम, ही आमी बनवायचो."

"काय?"

"ही. पावडर. माझ्या रगतात हाय ती. मला काय करनार?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्यानंतरच्या वर्षाचं वर्णन करायचं तर मी माझ्याच बापाच्या पाळतीवर होते. चिंचणीतल्या औषधांच्या दुकानांत जाऊन मी सांगून आले की या माणसाला ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. कुणालाच द्यायची नसते खरं तर, पण ते सांगायला गेले तर दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "ताई, तुमचे बाबा येतात आणि मलाच शिकवतात, कितीची घ्यायची ते." चिंचणी बंद झाली तर बाबा सहा आसनी रिक्षात बसून बोईसरला जायचे. बोईसरला ओळख लागली नाही तर फिटरकाका आणून द्यायचे. आपल्या कंपनीची नव्हे, बाबांच्या कंपनीची. एवढी दोस्ती.

लपवण्याच्या जागा तर विचारू नका. देवाच्या फोटोमागे. टीव्हीच्या रिमोटच्या पिशवीत. एकदा जवळ्याच्या डब्यात, सुकवलेल्या त्या बारीक कोळंबीच्या खाली, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून. ते बाबांचं डोकं नव्हतं. बाबा आयुष्यात कधी जवळ्याच्या डब्यापर्यंत गेलेले नाहीत.

"आई, हे तू ठेवलंस?"

आई तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही. "ठेवलं तर ठेवलं. त्याला बरं वाटतं."

"बरं वाटतं? अगं, त्याने काय होईल ते डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं ना?"

"सांगितलं. पन मागच्या टायमाला घेतली नि ताप गेला. गेला ना?"

"तो तसाही गेला असता."

"तसा कसा जाईल?" आई म्हणाली. "कुनी घालवल्याबिगर?"

मी कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. सासरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू उगाच त्रास करून घेतेस, म्हातारी माणसं ऐकत नसतात. हे वाक्य सांगणाऱ्याचा बाप ठणठणीत असतो, हे माझ्या लक्षात आलं आहे.

मला राग कशाचा यायचा, ते स्पष्टच लिहिते. बाबा अडाणी नव्हते. ते आपली ठोक्यांची गोळी चुकवत नसत. मीठ कमी केलं होतं, सुकी मासळी जवळपास सोडली होती. सुकी मासळी सोडणं म्हणजे आमच्याकडे काय असतं ते किनाऱ्यावरच्याला विचारा. डॉक्टरांचं सगळं ऐकायचे, फक्त ही एक गोष्ट सोडून. आणि हीच गोष्ट त्यांचा जीव घेऊ शकत होती. मी रात्री फोन वाजला की दचकायचे. वर्गात शिकवताना मोबाइल टेबलावर उपडा ठेवायचे, शाळेचा नियम मोडून. मला माझा बाप जिवंत हवा होता आणि तो आपल्या जुन्या कंपनीशी इमान राखत होता.

पावसाळा सरून हवा कोरडी झाली आणि बाबांना ताप भरला. या वेळी सर्दी नव्हती. खोकल्याबरोबर छातीत कळ, धाप, आणि अंग तव्यासारखं. आईचा शाळेत फोन आला, मी तशीच निघाले. भावाने गाडी केली होती. मी पालघरच्या दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा बाबांना खुर्चीवरून आत नेत होते. मी पहिल्यांदा काय केलं असेल? खिसा तपासला. रिकामा होता. मला हायसं वाटलं, इतकी मी मूर्ख.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया. मग हृदयाचा आलेख काढला, आणि तो कागद त्यांनी दोनदा पाहिला.

"बाबा, घरी ती गोळी घेतलीत?"

"नाय."

"नक्की? मला नीट सांगा. मी आता जे औषध देणार आहे ते यावर ठरणार आहे."

"नाय म्हनतो ना."

मी आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. एवढं पुरे होतं. नवऱ्याचं खोटं त्याच्यासमोर उघडं पाडायचं नाही, हे तिचं व्रत ऐन दवाखान्यातही चालू.

बाबांच्या छातीवर तारा चिकटवल्या होत्या. बाजूच्या पडद्यावर हिरवी रेष चालली होती, मधूनच अडखळत होती. मला ती रेष वाचता येत नाही, पण अडखळणं कळत होतं. आणि हा माणूस तोंड मिटून पडला होता, जणू कंपनीचं गुपित फुटणार होतं.

मग मात्र माझा ताबा सुटला. पालघरला राहून, शाळेत शिकवून मी जी शुद्ध भाषा कमावली होती ती कुठल्या कुठे गेली आणि तोंडातून आमची घरची बोली बाहेर पडली.

"बाबा, आजा जलमभर त्याच दर्यात गेला ना? रोज गेला ना? दर्यानं वळखलं काय त्याला?"

भाऊ माझा दंड धरून मागे ओढत होता. आजोबांचं नाव आमच्या घरात असं कुणी घेत नाही. वर्षातून एकदा त्यांच्या नावाने पान वाढतात, तेव्हाही बाबा गप्पच जेवतात.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे तापाने लाल झाले होते. मग डॉक्टरांकडे मान वळवून ते म्हणाले, "कालपासून घेतोय. आज सकाळी पन घेतली."

डॉक्टर एका शब्दानेही रागावल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर दवाखाना डोक्यावर घेतला असता. त्यांनी नर्सला काहीतरी सांगितलं, ठोक्यांची गोळी थांबवली, सलाईनमधून क्षार सुरू केले आणि मग न्यूमोनियासाठी दुसऱ्या जातीची अँटिबायोटिक लिहिली. हृदयाच्या लयीला हात न लावणारी. आधी इंजेक्शन, मग गोळ्या. यावेळी खरोखर गरज होती, त्या म्हणाल्या. यावेळी दिली नाही तर न्यूमोनियाच नेईल.

पहिले काही दिवस वाईट गेले. मी त्या हिरव्या रेषेसमोर बसून होते. भाऊ चहा आणायचा, तो गार व्हायचा. आई माझ्याशी बोलत नव्हती, आजोबांना मध्ये आणलं म्हणून. जवळ्याच्या डब्यात तिने लपवलेल्या गोळ्यांबद्दल मीच तिच्यावर रुसायला हवं होतं, पण आमच्या घरात रुसण्याची पाळी माझी कधीच येत नाही.

हळूहळू रेष सरळ चालू लागली. ताप उतरला. बाबा तोंडाने गोळी घ्यायच्या लायक झाले तेव्हा नर्सने नवी पट्टी आणली. बाबांनी चष्मा मागितला, नाव वाचलं, आणि पट्टी बाजूला ठेवली.

"ही फिटरच्या कंपनीतली."

"बाबा."

"ह्यांच्याकडं चाळनी..."

"बाबा, गोळी घे."

घेतली. पाण्याबरोबर गिळली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "कडू पन नाय." भेटायला आलेले फिटरकाका पायथ्याशी बसले होते. त्यांना इतका आनंद झाला की लपवता येईना. "देखा?" ते म्हणाले. "एक्सपोर्ट क्वालिटी."

त्या संध्याकाळी डॉक्टर तपासायला आल्या. बाबा आता बसते झाले होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, अगदी हळू, माझ्या कानावर पडू नये अशा बेताने: "मॅडम, मग आमी जलमभर काय वीख बनवलं काय?"

मला ते ऐकू आलं. मी खिडकीकडे वळले आणि पडदा उगाच सारखा केला, कारण डोळे भरून आले होते आणि मला अजून रागावलेलंच राहायचं होतं.

"औषध बनवलंत," डॉक्टर म्हणाल्या. "ते मी रोज कुणाला तरी देते. ते खरं औषध आहे म्हणून तर विचारून घ्यायचं, बाबा. नुसती खडीसाखर असती तर मी कशाला अडवलं असतं?"

त्या रात्री बाबा जेवले.

घरी सोडायच्या दिवशी भाऊ गाडी आणायला गेला होता आणि आम्ही दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी मनोरकडच्या डोंगरातली एक म्हातारी बसली होती, काटक, कपाळावर गोंदण. बरोबर तिची सून. सुनेच्या हातात औषधांची पिशवी आणि पिशवीत वरच ती चंदेरी पट्टी. बाबांची. तीन गोळ्यांची. माझ्या आधी बाबांनीच पाहिली. जुना गाववाला भेटावा तसे ते पुढे सरकले, आणि मला वाटलं, आता हे मागून घेतात की काय.

"ही कुनी दिली?" बाबांनी विचारलं.

"डागदरनी," सून म्हणाली.

"इथल्याच? तपासून दिली काय? हिला काय ठोक्यांचा त्रास हाय? ठोक्यांची गोळी चालू हाय दुसरी?"

"नाय. छाती भरलीय. मशीन लावून बघितलं, मग दिली."

"मग ठीक हाय." बाबांनी म्हातारीकडे पाहिलं. "तीनी घ्यायच्या, आजी. बरं वाटलं तरी मधेच सोडायची नाय. नि उरलीसुरली कुनाला द्यायची नाय. चांगली हाय ही. आमी बनवायचो."

म्हातारीने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, जणू आता या माणसाच्या चेहऱ्यावरूनच गोळीची पारख करायची होती. मग मान हलवली.

मी बाजूला बसून होते. वर्षभर मी हेच बोलत होते. याच क्रमाने, जवळजवळ याच शब्दांत. झोपाळ्यापाशी, टपरीवर, स्वयंपाकघरात, ओरडून, हात जोडून. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. तेवढ्यात गाडी आली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. फिटरकाका आता टपरीवर छाती काढून बसतात. रंगवाला अजूनही कुणाचं मन मोडू शकत नाही, पण बाबा त्याला आधी बोईसरच्या डॉक्टरकडे पाठवतात आणि फिटरकाकांचा हात खिशाकडे गेला तर डोळे वटारतात. आई माझ्याशी बोलू लागली, पण जवळ्याचा डबा माझ्यासमोर उघडत नाही. आणि मी सुधारले नाही. मी अजूनही पाळतीवर असते. इतक्या वेळा फसलेल्या माणसाची सवय इतक्या लवकर जात नाही.

गेल्या रविवारी मी चिंचणीला गेले. बाबा नुकतेच समुद्रावरून आले होते, शर्ट अजून अंगातच होता. दारातच त्यांना शिंक आली. एक, मग दुसरी. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. माझी नजर त्यांनी ओळखली असणार.

बाबा उंबऱ्यात थांबले. पाय जवळ घेतले. शर्टाच्या डाव्या खिशात बोटं घालून त्यांनी तो उलटा बाहेर ओढला. मग दोन्ही हात खांद्याच्या वर उचलले आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. ते असे जन्मभर गेटावर कसे उभे राहिले असतील ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. उलट्या खिशातून वाळूचे चार कण पडले, बाकी काही नाही.

"हात खाली घे, बाबा."

"नीट बघ आधी. नाय तर परत विचारशील."

मी जवळ गेले. खिसा रिकामा होता, तो दिसतच होता. मी तो बोटांनी आत सारला, सरळ केला. पातळ कापडाखाली हाताला ठोके लागले. एकामागून एक पडत होते, नीट.

"झालं तपासून?" बाबा म्हणाले.

"थांब," मी म्हणाले, आणि हात तिथेच ठेवला.